बढाईची शिकवणी

ये गं, अशी जवळ ये. दीड मीटर लांबून वाचणार आहेस का? कागदाला शिंका येत नाहीत. आणि तो फोन आधी पालथा घाल. एक डोळा त्याच्यात आणि एक माझ्याकडे, असं चालायचं नाही. परवा रागावलेच होते मी तुझ्यावर. मंडळाच्या त्या ऑनलाइन कार्यक्रमात सगळ्या बायका तुझ्या रांगोळीचं कौतुक करत होत्या, आणि तू काय म्हणालीस? "छे, त्यात काय विशेष, अशीच आपली काढली." अशीच आपली! चार तास गुडघे मोडून काढलेली रांगोळी अशीच आपली निघते होय? तिथल्या तिथे कान धरणार होते तुझा, पण स्क्रीनमधून हात जात नाही. म्हणून आता बस आणि ऐक. असं बोलायला आपल्याला कोण शिकवतं ते मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या घरात तरी मीच शिकवलं, आणि मग सत्तरीला टेकल्यावर मलाच ते निस्तरावं लागलं.

मी इथे नेदरलँड्समध्ये, हार्लेमला आले ती फेब्रुवारीत, दोन हजार वीस साली. लेकीकडे तीन महिने राहायचं, पापड-कुरडया पोचवायच्या, ट्यूलिप बघायचे आणि मे महिन्यात पुण्याला परत, असा साधा बेत. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि मी बॅगांसकट अडकले. ट्यूलिप टीव्हीवर पाहिले. लेकीचं घर म्हणजे रांगेतलं एक उभं, अरुंद घर. जिना असा की उतरताना देव आठवतो. माळ्यावर जावयांचं ऑफिस, खालच्या चिंचोळ्या खोलीत लेकीचं ऑफिस, जेवणाच्या टेबलावर नऊ वर्षांच्या नातीची शाळा आणि स्वयंपाकघरात मी. माणसं चार, इंटरनेट एक. कुकरच्या शिट्ट्या कधी होऊ द्यायच्या हेसुद्धा मी सकाळी उठून विचारून ठेवायची.

लेकीची कंपनी अमेरिकन. इथलं ऑफिस अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला, पण वरची साहेब मंडळी सगळी कॅलिफोर्नियात. दुकानांना घरबसल्या ऑर्डरी घेता येतात ना, त्याच्या मागची सगळी यंत्रणा ही मंडळी सांभाळतात. मार्चमध्ये सगळं जग एकदमच घरी बसून पीठ नि कागदी रुमाल मागवायला लागलं, आणि यंत्रणेचा गळा आवळला गेला. हे मला आत्ता माहीत आहे. तेव्हा लेक मला एवढंच म्हणाली होती, "आई, ऑफिसात जरा गडबड आहे." तीन दिवस ती खोलीतून फक्त जेवायला उठली. मी चहा नेऊन ठेवायची आणि गार झाला की उचलून आणायची. चौथ्या दिवशी ती बाहेर आली, म्हणाली, "झालं बाई एकदाचं," आणि सोफ्यावर आडवी झाली. मीही विचारलं नाही की काय झालं, कुणी केलं. आपल्याकडे विचारायची पद्धत नाही.

मे महिन्यात त्यांच्या कंपनीत गटप्रमुखाची जागा निघाली. तिथली रीत अशी की आपलं नाव आपणच सुचवायचं. स्वतःविषयी एक पानभर लिहायचं, आणि मग तीन माणसांसमोर दहा मिनिटं सांगायचं की मी काय काय केलं, मी कशी पुढे आले, मलाच का निवडावं. दोन वर्षांपूर्वी ही जागा तिच्या हातून गेली होती. तेव्हा मला फोनवर म्हणाली होती, "जाऊ दे गं, त्यांना माझ्यापेक्षा चांगला माणूस मिळाला." तो चांगला माणूस कामाचं तिलाच विचारायला यायचा, हे मला जावयांनी नंतर सांगितलं.

या खेपेला तिने पान लिहून पाठवलं आणि कॅलिफोर्नियाच्या मोठ्या बाईंनी ते परत पाठवलं. मी भाजी निवडत होते तिथे ती तोंड पाडून आली.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, पान छान आहे, पण यात तू कुठे आहेस? टीमने केलं, सगळ्यांच्या मदतीने झालं, साहेबांनी वेळोवेळी सांभाळून घेतलं. हे तर लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांच्या यादीसारखं वाटतं, असं त्या नाही म्हणाल्या, मी म्हणतेय."

"मग लिही की तू काय केलंस ते."

"लिहिता येत नाही गं! लिहायला बसले की कानात तुझा आवाज येतो."

"माझा? मी काय केलं?"

"चौथीत असताना वक्तृत्वात पहिली आले होते. जिन्यात शेजारच्या काकूंना सांगत होते. तू वरून ओरडलीस, पुरे आता स्वतःची आरती, हातपाय धुऊन घे."

मला आठवलं. आठवलं म्हणजे शब्दसुद्धा आठवले. मेथीची जुडी हातातच राहिली. आणि तुला खरं सांगते, त्या दिवशी ती काय बोलून पहिली आली होती ते मला आजतागायत माहीत नाही.

"मग या वेळीही ती जागा गेली तर?" मी विचारलं.

"तर पुढची दोन वर्षं मी दुसऱ्या कुणाला तरी काम शिकवीन, आणि तो माझा साहेब असेल." एवढं बोलून ती आत गेली. तिला ती जागा हवी होती. मनापासून हवी होती, आणि हवी आहे हे म्हणायचीसुद्धा तिला लाज वाटत होती.

मी ठरवलं. मीच हे कुलूप घातलंय तर मीच काढते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी जेवणाच्या वेळी बढाईची शिकवणी सुरू झाली. नियम एकच. पहिला घास घ्यायच्या आधी प्रत्येकाने आपण केलेली एक चांगली गोष्ट सांगायची. पण-बिण लावायचं नाही, दुसऱ्याला श्रेय द्यायचं नाही, देवाला तर नाहीच नाही.

पहिला मान जावईबापूंना. ते घसा खाकरून म्हणाले, "आज कणीक मी मळली. अर्थात खरं काम मशीननेच केलं."

"बाद!" लेक ओरडली.

"बरं. आज कणीक मी मळली. आणि ती... ती बरी झाली असावी."

"बाद! आई, यांची पोळी काढून घे."

मग माझी पाळी. मी रुबाबात म्हटलं, "आजची आमटी मी केली, फक्त जरा खारट झालीय, सांभाळून घ्या." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमटी अजिबात खारट नव्हती. पन्नास वर्षं मी वाढता वाढता हेच वाक्य म्हणत आलेय. कधी खारट, कधी पातळ, कधी घाईत केलेली. एकदासुद्धा कुणाला म्हटलं नाही की घे, फक्कड झालीय. मीच बाद! सासूला बाद केल्याचा आनंद जावयांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

नात तर या खेळाला तयारच होईना. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डच नाहीतर इंग्रजीत. ती आमच्याकडे असं बघत होती जशी काही आम्ही चौकात कपडे काढून नाचतोय. तिचं म्हणणं, आजी, हे फार वाईट आहे, आमच्या जूफ रागावतील. शाळेतल्या बाईंना ती जूफ म्हणते. त्यांच्या वर्गात म्हणे कुणी मी हुशार, मी पहिला असं बोललं की सगळी मुलं डोळे फिरवतात. मी विचारलं, "मग तू गणितात कशी आहेस?" ती म्हणाली, "नॉर्मल." "पोहण्यात?" "नॉर्मल." "दिसायला?" "आजी!"

बघ कसं सापडलो होतो आम्ही. घराच्या आत मी, स्वतःची आरती पुरे म्हणणारी. घराच्या बाहेर हा सगळा डच देश, चार लोकांसारखं वागा म्हणणारा. आणि लेकीच्या खोलीत स्क्रीनवर कॅलिफोर्निया, सांग सांग, तूच कशी भारी ते सांग म्हणणारं. त्यांच्या कंपनीतून रोज एखाद्या यशस्वी माणसाची गोष्ट यायची. तो एकटा होता, त्याच्याकडे काही नव्हतं, तो गॅरेजमध्ये बसला आणि तिथून थेट शिखरावर गेला. सगळे गॅरेजमधूनच निघतात तिथे. आमच्या पुण्यात गॅरेजमधून दुरुस्त झालेली स्कूटर निघाली तरी खूप. आणि मला सारखं वाटायचं, या गॅरेजवाल्याला दुपारी जेवायला कोण देत होतं? त्या बाईची गोष्ट कुठल्या पानावर आहे?

पण मग मीच मला विचारलं, आपण तरी काय साधूसंत आहोत? आपण बढाई मारत नाही हे साफ खोटं. आपण ती बाहेरून मागवतो. मी तुझ्या मुलाची स्तुती करायची, तू माझ्या मुलीची करायचीस, दोघींनी "कसलं काय, घरी बघा येऊन" म्हणायचं, आणि खूश होऊन घरी जायचं. या देवघेवीत सगळ्यांचं छान भागतं. फक्त कॅलिफोर्नियात आपली शेजारीण नसते, तिथे आपलं आपणच बोलावं लागतं.

असा विचार करता करता मला युक्ती सुचली. आपल्या बायका कुठे मोकळ्या बोलतात? उखाण्यात! साध्या बोलण्यात नवऱ्याचं नाव न घेणारी बाई उखाण्यात शंभर माणसांसमोर ठणकावून घेते. मी कमरेला पदर खोचला आणि पहिला उखाणा घेतला:

"पातेल्यात तापवलं दूध, दुधावर आली साय,
आज माझंच नाव घेते, त्यात लाजायचं काय!"

आणि स्वतःचं नाव असं खणखणीत घेतलं की माळ्यावर गेलेले जावई जिन्यावरून धडपडत खाली आले, त्यांना वाटलं मी पडले. त्यांनाही चेव आला. ते म्हणाले,

"कुकरच्या झाल्या तीन शिट्ट्या, वरण झालं मऊ,
भांडी सगळी मीच घासली, पुरावा काय देऊ!"

मग लेकीकडे बघत बसलो. ती लाल झाली, दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं, आणि मग एकदम:

"कॅलिफोर्नियात नऊ वाजले, हार्लेममध्ये सहा,
अडलेला गाडा कुणी काढला, माझ्याकडे पाहा!"

अगं, आम्ही हसून हसून टेबलावर पडलो. नात टाळ्या वाजवायला लागली आणि मग आपण टाळ्या वाजवतोय हे लक्षात आल्यावर हात मांडीखाली घेऊन बसली. पुढचे आठ दिवस घरात दुसरं काही नाही. पोळी लाटताना उखाणा, कपडे वाळत घालताना उखाणा. लेकीने पान नव्याने लिहिलं, मोठ्या बाईंना पसंत पडलं, आणि जूनमधला एक दिवस ठरला. संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ.

त्या दिवशी घर शांत राहावं म्हणून जावई नातीला घेऊन सायकलींवरून समुद्राकडे गेले. पावणेसहाला लेक तयार. वर इस्त्रीचा शर्ट, कानात मोती, खाली फुलाफुलांचा पायजमा, कारण कॅमेऱ्यात कमरेखालचं दिसत नाही. लॅपटॉप उघडून ठेवलेला, पाण्याचा ग्लास भरलेला. आणि मी वाटीत दही-साखर घेऊन उभी.

"आई, मला फक्त या खोलीतून त्या खोलीत जायचंय."

"तेच तर! उंबरा ओलांडल्याशिवाय दह्याचा काय उपयोग? दही हातावर घालतात ते घरातून निघताना."

"मग काय करू?"

"पुढच्या दाराने निघ. घरांच्या मागून तो सायकलींचा बोळ जातो ना, तिथून वळसा घाल आणि मागच्या बागेच्या फाटकातून आत ये. मी जाऊन कडी काढते. तीन मिनिटांचं काम."

"मुलाखतीला जायचं म्हणून मी घराला प्रदक्षिणा घालू?"

"दोन वर्षांपूर्वी दही नव्हतं, हे विसरलीस का?"

ती दाराकडे वळली. नशीब एवढंच की मुद्दे वाचायला म्हणून फोन तिने खिशात घातला होता. दारात तिच्या तळहातावर मी दही घातलं, तिने खाल्लं, वाकून नमस्कार केला आणि निघाली. मला राहवेना. आपण काय करतो कुणी निघालं की? मागोमाग पायरीवर जातो. मी गेले, हात हलवला, म्हटलं मागे वळून बघू नकोस. आणि वारा आला, आणि माझ्या पाठीमागे दार धाडकन लागलं.

इथल्या दारांना बाहेरून मूठ नसते गं. किल्ली आत. फाटकाची कडी आतून, जी मी आत जाऊन काढणार होते. एक किल्ली जावयांच्या खिशात समुद्रावर, आणि जास्तीची किल्ली त्यांनी एका मित्राकडे ठेवलेली, तो राहतो कापेल आन डेन आयसेलला. म्हणजे पार रॉटरडॅमच्या बाजूला! मी गाऊनवर, हातात दह्याची वाटी, पायात घरातल्या सपाता. लेक वळली. तिने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आई."

"तू वळून बघितलंस ना, म्हणून झालं."

सहाला नऊ मिनिटं कमी होती. ती रडते की काय असं मला वाटलं, आणि ती हसायला लागली. पोट धरून, फुलाफुलांच्या पायजम्यात, रस्त्याच्या मधोमध. मग मलाही आवरेना. त्या आवाजाने शेजारीणबाई कुंपणाशी आल्या. या बाई माझ्याच वयाच्या, आयुष्यभर शहरात बस चालवून निवृत्त झालेल्या. इथे शेजारणीला ब्यूरव्राऊ म्हणतात, तर ती मला ब्यूरव्राऊ म्हणते आणि मी तिला, म्हणजे नाव विचारायचा प्रश्नच मिटला. लेकीने डचमध्ये चार वाक्यांत सगळं सांगितलं. ब्यूरव्राऊने एक प्रश्न विचारला नाही. बागेचं दार उघडलं, बाकावरची उशी दीड मीटर लांब सरकवली, आपल्या इंटरनेटचा परवलीचा शब्द सांगितला, आणि फोन उभा राहावा म्हणून टोमॅटोच्या कुंडीला टेकवून दिला.

बरोबर सहाला स्क्रीनवर तीन चेहरे. मोठ्या बाई आणि दोन साहेब. लेकीने माफी मागितली, म्हणाली मी घराबाहेर अडकलेय, फोन टोमॅटोच्या कुंडीला टेकवलाय, चालेल का. ते हसले, म्हणाले, सांग तुझी गोष्ट.

आणि लेकीने मान वळवली.

मला कळेना, आठ दिवस एवढी तयारी केली आणि आता काय झालं? ती माझ्याकडे बघत होती. मग ब्यूरव्राऊकडे. मग परत माझ्याकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, तिच्यासमोर कोण बसलं होतं? एक मी, जिने तिला जिन्यात गप्प केलं. आणि एक ही डच बाई, जी वाढदिवसाला स्वतःचा केकसुद्धा "साधाच आहे" म्हणून देते. सगळ्या जगातून शोधून आणले असते तरी बढाई मारायला याहून वाईट श्रोते मिळाले नसते. लेक बोलायला लागली ती अशी, "म्हणजे, आमच्या टीमने खरं तर खूप..." मोठ्या बाईंचा चेहरा पडलेला मला इतक्या लांबून दिसला.

मी उठले. ब्यूरव्राऊला खूण केली आणि आम्ही दोघी लेकीच्या पाठीमागे, कुंपणाशी गेलो आणि पाठ करून उभ्या राहिलो. दोन म्हाताऱ्या, गुलाबाच्या झाडाकडे टक लावून. तिने मला डोळ्यांनी विचारलं, काय चाललंय? मी डोळ्यांनी सांगितलं, थांब.

आणि मग मागून आवाज आला. मला इंग्रजी बोलता येत नाही, कळतं मात्र सगळं. लेक सांगत होती, यंत्रणा अडली तेव्हा सगळे बिघाड एका जागी शोधत होते. तो तिथे नाही हे फक्त मला दिसत होतं. मी सांगितलं, कुणी ऐकलं नाही. मग मी एकटीने शोधला. तीन दिवस लागले, तिसऱ्या दिवशी सापडला. तेव्हा तुम्ही सगळे झोपला होतात, विचारायला कुणी नव्हतं. दुरुस्ती चुकली असती तर माझी नोकरी गेली असती. मी ती केली. मी बरोबर होते.

मी बरोबर होते! हे वाक्य तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ते तीन दिवस मी दाराबाहेर उभी होते, कप उचलत. आत माझी मुलगी एवढं काही करत होती आणि मला वाटत होतं ऑफिसात जरा गडबड आहे. गुलाब मला दिसेनासे झाले. ब्यूरव्राऊने खिशातून कागदी रुमाल काढला, माझ्या बाजूच्या कुंपणावर ठेवला आणि नियमाप्रमाणे दोन पावलं मागे सरकली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण मोठ्या बाईंनी विचारलं, तुझ्या मागे त्या दोघी पाठ करून का उभ्या आहेत? लेक म्हणाली, ती माझी आई आणि ती शेजारीण, मला लाज वाटू नये म्हणून उभ्या आहेत. मग तर त्यांना फारच कौतुक वाटलं. बोलवा, बोलवा आईला. मी गेले, गाऊन सावरत. बाई प्रेमाने म्हणाल्या, तुम्हाला तुमच्या मुलीचा खूप अभिमान वाटत असेल ना?

आणि मी काय बोलले? सांगायचीसुद्धा चोरी. पन्नास वर्षांची सवय जिभेवर बसलेली. मी मान हलवली आणि म्हटलं, "शी इज... ओके ओके. मॉर्निंग व्हेरी लेट गेटिंग अप."

लेकीने डोळे मिटले. दोन साहेबांनी एकमेकांकडे बघितलं. ब्यूरव्राऊने समजूतदारपणे मान डोलावली, तिच्या दृष्टीने मी अगदी योग्य तेच बोलले होते. आणि मला वाटलं, घातलं मी परत कुलूप. दुसऱ्यांदा. या खेपेला कॅलिफोर्नियासमोर.

मी फोन त्या कुंडीवरून उचललाच. दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला. नंतर लेक म्हणाली, त्यांना पलीकडे फक्त माझं नाक दिसत होतं. मी म्हटलं, "नो. राँग. आय टेल राँग. शी इज बेस्ट. स्मॉल गर्ल टाइम ऑल्सो बेस्ट. आय नेव्हर टेल. टुडे टेलिंग. व्हेरी लेट टेलिंग." आणि फोन परत कुंडीला टेकवून बाकावर जाऊन बसले.

मग मोठ्या बाई चष्मा काढून पुसायला लागल्या. लेकीने पुढे काय सांगितलं, दहा मिनिटं कधी संपली, मला काही ऐकू आलं नाही.

जावई येईपर्यंत तासभर आम्ही तिथेच. ब्यूरव्राऊने चहा दिला आणि प्रत्येकी एक बिस्किट; इथे एकच देतात, डबा लगेच बंद. मी आणि लेक हसत होतो, बोलत होतो, आठवून आठवून परत हसत होतो. ब्यूरव्राऊ मात्र विचारात पडलेली. मग तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कुणी नाही अशी खात्री करून घेतली, आणि खालच्या आवाजात लेकीला काहीतरी सांगितलं. लेकीने मला मराठीत सांगितलं, "आई, त्या म्हणतात त्यांनी सत्तावीस वर्षं बस चालवली. अरुंद गल्ल्यांतून. एकदासुद्धा आरसा कुठे घासला नाही." मी टाळ्या वाजवल्या. ब्यूरव्राऊ टोमॅटोसारखी लाल झाली, आणि, तू विश्वास ठेव न ठेव, डबा उघडून तिने दुसरं बिस्किट दिलं.

उत्तर यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी रोज स्वतःला दोष दिला. माझ्या त्या ओके ओकेपायी जागा गेली तर मी पुण्याला चालत गेले असते. लेक म्हणायची, "आई, पुरे." पण तिचंही जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी मी फोडणी करत होते आणि ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी गॅस बारीक केला.

"आई, मला मिळालं."

मी तोंड उघडलं. देवाची कृपा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तीच पुढे म्हणाली, "आणि ते मला मिळायलाच हवं होतं." कसलीही पण-बिण नाही, मान खाली नाही. मी देवाला म्हटलं, तू जरा थांब, तुझ्याशी नंतर बोलते.

"मिळणारच होतं," मी म्हटलं. "माझी मुलगी आहेस म्हणून नाही. तू आहेस म्हणून. आता इथे बस आणि मला सांग, आणखी काय काय केलंस जे मला कधी सांगितलं नाहीस?"

तिला वाटलं मी गंमत करतेय. मी स्टूल ओढलं, तिला बसवलं. मग एकेक निघायला लागलं. इथे पहिल्यांदा आली तेव्हा नवऱ्याच्या परवान्यावर आली होती, हातात काम नाही. एकतिसाव्या वर्षी सुपरमार्केटच्या मागच्या मोकळ्या जागेत एकटी जाऊन सायकल शिकली, रोज पडायची, कुणाला दिसू नये म्हणून दुकान उघडायच्या आधी जायची. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला गारा पडत असताना सायकलवरून गेली आणि केसांत गारा घेऊनच बसली. मला तेव्हा फोनवर काय सांगितलं होतं? "मिळाली गं नोकरी, अशीच." आणि मी म्हटलं होतं, "बरं झालं."

फोडणी करपली. जावई वास आला म्हणून खाली आले, आम्हाला बघून तेही जमिनीवर बसले, आणि ऐकताना मध्येच म्हणाले, "हे मलाही माहीत नव्हतं." नात दाराशी होती. ती डचमध्ये म्हणाली, आईने केसांतल्या गारांचं परत एकदा सांगावं.

आता वर्ष झालं. विमानं सुरू झाली, बंद झाली, परत सुरू झाली, आणि मी अजून इथेच आहे. दर शनिवारी दुपारी लेक एकेक सांगते, मी ऐकते. अजून ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंतच आलीय, उलटी जातेय ना, शेवटाकडून. मध्ये मध्ये ब्यूरव्राऊसुद्धा कुंपणाशी खुर्ची टाकून बसते. तिला मराठीचा शब्द कळत नाही, पण कुठे टाळ्या वाजवायच्या ते कळतं.

तर तू ये. फार दिवस लावू नकोस. सध्या घरात दोनच पाहुण्यांना मुभा आहे, तेव्हा तू आणि तुझे यजमान या. सासूबाईंना सांग, नियम जरा सैल झाले की त्यांचा नंबर. येताना काही आणू नकोस. शनिवारीच ये, जेवायलाच ये, मी पुरणपोळी करणार आहे आणि ती मला फार सुरेख जमते. ये हं लवकर.